पोत्यातलं पुण्य

मांजर मारायला आपल्याकडे सहसा कुणी धजत नाही. हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतं, ही समजूत घाटावर आहे, कोकणात आहे आणि आमच्या गोव्यातही आहे. सोन्याचा भाव बघता ही भीती आणखी घट्ट होत जाणार यात शंका नाही. पण आपण हिशेबाला पक्के. या पापावर आपण कधीच तोड काढून ठेवली आहे. ती तोड म्हणजे पोतं. मांजर पोत्यात घालायचं, तोंड सुतळीने आवळायचं, स्कूटरवर पायांपाशी ठेवायचं आणि दोन-चार मैल लांब, शक्यतो मासळी बाजारात, मोकळं करून यायचं. 'मारलं नाही हो, सोडून आलो. तिथं खायला भरपूर.' काशीचा खर्च वाचला, वर भूतदयेचं पुण्यही पदरात!

या पोत्याविषयी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण आज एकाच प्रकारच्या पोत्याविषयी बोलतो. हा प्रकार मी बेळगावात पाहिला, निपाणीत पाहिला आणि इकडे गोव्यातही ओळखीच्या घरांतून ऐकला.

घरात दोन मांजरं असतात. एकाच आईची, किंवा डोळे उघडल्यापासून एकत्र वाढलेली. एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपणारी, एकमेकांचे कान चाटणारी. त्यातलं एक जखमी होतं. घरची माणसं भली असतात. धावपळ करतात, दवाखान्यात नेतात, पदरचे पैसे घालतात आणि चार-सहा दिवसांनी बरं करून घरी आणतात. आणि घरात वाट पाहणारं दुसरं मांजर त्याला बघताच पाठीची कमान करतं, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुलवतं, फिस्कारतं आणि नाकावर पंजा ओढतं. घर सुन्न होतं. मग कुणीतरी वडीलधारं निकाल देतं : 'उलट्या काळजाची जात ही! बहीण दुखण्यातून उठून आली, तर हिचं हे असं.' दोन दिवस घरात किंचाळ्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात मुताचा वास. तिसऱ्या दिवशी दुसरा निकाल : आता यांचं वैर झालं, एकीला सोडून यायला हवं. पोतं निघतं. आणि गंमत बघा, बहुतेक वेळा पोत्यात जातं ते फिस्कारणारं धडधाकट मांजर. कारण जखमीवर पैसे खर्च झालेले असतात!

हा निकाल खोटा आहे. त्यात काळजाचा संबंध नाही, वैराचा नाही, कृतघ्नपणाचा तर मुळीच नाही. मांजराच्या नाकाचा खटला आपण मांजराच्या शीलावर चालवतो आणि शिक्षा ठोठावून मोकळे होतो.

माझी एक मावसबहीण निपाणीत दिलेली आहे. निपाणी म्हटलं की आपल्या पिढीला १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवतं, शरद जोशी आणि महामार्गावर ठिय्या देऊन बसलेले शेतकरी आठवतात. त्या गावात आजही काही गल्ल्यांतून जाताना तंबाखूच्या वखारींचा उग्र, गोडसर वास नाकात शिरतो. अशाच एका वखारीच्या माळ्यावर जन्मलेल्या दोन मांजरी ताईच्या घरात आल्या, चिमी आणि भुरी. तीन वर्षं त्या एका टोपलीत झोपल्या. मग एका संध्याकाळी मोटरसायकलच्या धक्क्याने भुरीचा मागचा पाय मोडला. ताईने तिला पाऊणशे किलोमीटरवर बेळगावला नेलं. पायात सळी घातली, सहा दिवस तिथेच ठेवून घेतलं. सातव्या दिवशी भुरी घरी आली आणि चिमीने वर सांगितलेलं सगळं केलं, अगदी क्रमाने.

शेजारच्या काकूंनी पोतं सुचवायला एक दिवसही घेतला नाही. 'उगंच कशाला नाद करतीस बाई? चिमीला सोड बाजारात, जगंल तिथं.' ताईने मला फोन केला, कारण आमच्या घराण्यात मांजरवेडा म्हणून माझीच ख्याती आहे.

आता चिमीच्या बाजूने विचार करा. मांजर मांजराला मुख्यतः ओळखतं ते वासावरून. नाकापासून वीतभर अंतरावरचं तर त्याला डोळ्यांनी धड दिसतही नाही. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर वासाच्या ग्रंथी असतात. ते दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटऱ्यांना तोंड घासतं तेव्हा आपल्याला वाटतं लाडात आलं. लाड असेलही, पण त्याबरोबर ते आपला वास तिथे लावून ठेवत असतं. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना अंग घासतात, चाटतात, एका अंथरुणावर लोळतात आणि त्यातून सगळ्यांचा मिळून एक सामाईक वास तयार होतो. हा वास ज्याच्या अंगाला, तो घरचा. पॅट्रिक पाजा नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १९९० च्या दशकात मांजराच्या गालांवरच्या या स्रावांचा कसून अभ्यास केला. त्यावरून बनवलेले फवारे आणि भिंतीच्या प्लगात लावायच्या बाटल्या आता विकत मिळतात. त्यांनी गुण येतो म्हणणारे आहेत, फारसा येत नाही म्हणणारेही आहेत. त्यावाचून काही अडत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

सहा दिवसांनी आलेल्या भुरीच्या अंगाला घराचा वास शिल्लकच नव्हता. होता तो स्पिरिटचा, आयोडीनचा, भुलीच्या औषधाचा, शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्यांचा आणि तिच्या स्वतःच्या भीतीचा. हो, भीतीलाही वास असतो. घाबरलेलं मांजर शेपटीखालच्या ग्रंथींतून एक घाणेरडा वास सोडतं आणि तो दुसऱ्या मांजराला पळ काढ किंवा लढ एवढंच सांगतो. भुरीची चाल बदललेली, पायावरचे केस भादरलेले, गळ्यात ती नरसाळ्यासारखी प्लास्टिकची कॉलर. कान दिसत नाहीत, मिशा दिसत नाहीत. आणि मांजरं एकमेकांचं मन वाचतात ते कानांवरून आणि मिशांवरूनच. चिमीच्या लेखी तिची बहीण परत आलेलीच नव्हती. कुणीतरी भलतंच, दवाखान्यासारखं वास मारणारं, लंगडत घरात शिरलं होतं, आणि तिने घर राखलं. जे कुत्र्याने केलं तर आपण इमानदारी म्हणतो, तेच मांजराने केलं की उलटं काळीज!

जुनी माणसं म्हणतात, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' खरं आहे. पण त्याचं श्रेय जुन्या मांजरांच्या संस्काराला देऊ नका. जुन्या घरांना माळा होता, परस होतं, गोठा होता. जखमी मांजर माळ्यावर जाऊन पडायचं, तिथेच बरं व्हायचं किंवा मरायचं. जे बरं होऊन खाली उतरायचं त्याच्या अंगाला घराचाच वास असायचा, त्यामुळे फिस्कारायचा प्रश्न नव्हता. शिवाय नाहीच पटलं तर एकाने गोठ्यात राहावं, एकाने चुलीपाशी. आज बेळगावच्या टिळकवाडीत काय आणि आमच्या पर्वरीत काय, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पळून जायला जागा कुठे आहे? दवाखाना आला, शस्त्रक्रिया आली, जीव वाचायला लागले. त्याच्याबरोबर ही परकेपणाची अडचणही आली. ती निस्तरायची रीत मात्र आपण शिकलो नाही. शिकलो काय, तर जुनं पोतं नव्या स्कूटरवर ठेवायला.

सीमाभागातल्या दोन बहिणी, बंद दार, एकीला दुसरीची ओळख पटेना... इथपर्यंत आल्यावर काही वाचक गालात हसत असतील याची मला कल्पना आहे. कृपा करून तो मोह आवरा. १९५६ पासून लोंबकळलेल्या आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या प्रश्नाला मांजरांची उपमा देणं हा तिथल्या माणसांचा अपमान आहे, आणि मांजरांचाही. मांजरांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

कसा, ते सांगतो. ताईच्या घरी जे केलं ते जगभर मांजरांचे जाणकार सांगतात तेच, फक्त निपाणीच्या सामानात.

पहिली गोष्ट, भुरीला वेगळ्या खोलीत ठेवलं. तिथेच तिचं पाणी, खाणं, वाळूचं घमेलं. जखमीला असंही शांत पडून राहायला हवं असतं. दुखणाऱ्या मांजराचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि पुष्कळदा भांडण उकरून काढणारं तेच असतं, हेही लक्षात ठेवावं. तीन-चार दिवस दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. त्या दिवसांत ताईने एक काम केलं. जुन्या सुती साडीचे तुकडे घेतले. एक भुरीच्या गालांवरून फिरवून चिमीच्या ताटलीखाली ठेवायचा, दुसरा चिमीच्या गालांवरून फिरवून भुरीच्या अंथरुणात. पहिल्या दिवशी चिमी त्या फडक्यावरही फिस्कारली! साडीच्या तुकड्यावर! हे फोनवर ऐकलं तेव्हा मी ताईला म्हटलं, 'आता तरी काकूंना बोलावून दाखव. या चिंधीशी हिचं कसलं वैर आहे, विचार त्यांना.' चौथ्या दिवशी चिमी त्याच चिंधीवर बसून सुकट खात होती.

मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोन ताटल्या. आधी दारापासून लांब, मग रोज थोड्या जवळ. धुतलेली सुकट, कधी उकडलेल्या कोंबडीचे तुकडे. दारापलीकडून जो वास येतो त्याच्याबरोबर जिभेवर काहीतरी चांगलं येतं, एवढंच मांजराच्या मनात बसवायचं असतं. अधूनमधून दोघींच्या खोल्या बदलायच्या, म्हणजे अंगाचे वास आपोआप घरभर मिसळतात. त्यानंतर दार बोटभर उघडं. मग दाराला डासांची जाळी ताणून बांधली आणि जाळीआड जेवण. टाके निघाले, कॉलर निघाली, तेव्हा जाळी काढून पाच मिनिटांची भेट. पाचच मिनिटं, आणि सगळं सुरळीत असतानाच संपवायची. आपण उलटं करतो. छान चाललंय म्हणून ताणत राहतो आणि मग भडका उडतो.

मध्ये एकदा बिघडलंच. चौदाव्या दिवशी घरात पाहुणे आले, एक मूल ओरडलं, भुरी दचकली आणि चिमीने झडप घातली. पुन्हा चार पावलं मागे, पुन्हा बंद दार. पण या खेपेला दोन दिवसांत जाळीपर्यंत आल्या. सगळं मिळून चोवीस दिवस लागले. काही घरांत आठ दिवसांत होतं, काही घरांत महिने जातात.

काय करू नये हे सांगायला मला जास्त आवडेल, कारण आपली हौस तिथेच. मांजरं झोंबत असताना मध्ये हात घालू नये. जाड गोधडी किंवा पुठ्ठा मध्ये सरकवावा. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो आणि जखम चिघळते. चावलंच तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवावं आणि रेबीजच्या लशीसाठी सरळ डॉक्टर गाठावा. फिस्कारणाऱ्या मांजराला मारू नये. ते आधीच घाबरलेलं, त्यात दुसरीला बघितलं की मार पडतो हेही शिकेल. 'या गं या, गळाभेट घ्या' म्हणत दोघींना उचलून समोरासमोर धरू नये. एका ताटलीत जेवायला लावू नये. दोघींना एकच टाल्कम पावडर फासायचा एक उपाय फोनवरून सगळीकडे फिरत असतो. पावडर अंगावर टिकत नाही, चाटून पोटात जाते.

आणि फिनेल! कोपऱ्यात मुतलं म्हणून आपण फिनेल ओततो. त्याने घरात उरलासुरला घरचा वास जातो, आणि मांजर त्या फरशीवरून चालून पाय चाटतं. पाण्यात घातल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं मांजराला विष आहेत. ती जखमेवर तर अजिबात लावू नयेत. मांजराचं यकृत आपल्यासारखं चालत नाही. अशी काही रसायनं त्याला पचवून बाहेर टाकताच येत नाहीत. त्याच कारणाने तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, श्वास लागतो आणि सारं संपतं. 'कण्हत होती म्हणून अर्धी गोळी दिली' असं सांगणारे सज्जन मला भेटले आहेत. त्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही.

काकूंनी दुसरा सल्ला दिला होता तो भुरीच्या जखमेवर तंबाखूची पूड दाबायचा. खेडोपाडी जनावरांच्या जखमेवर तंबाखू नाहीतर तपकीर दाबायची सवय आहेच, आणि निपाणीत तर माल घरचा. पण ओला तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना नुसत्या कातडीतून शिरलेल्या निकोटीनने घेरी येते, ओकाऱ्या होतात. तीन किलोच्या मांजराने तो जखमेवरून चाटला तर काय होईल, हे त्या गावात कुणाला समजावून सांगावं लागू नये. तरी लागलं.

आता आक्षेप. 'इथे माणसांना बघायला डॉक्टर नाही आणि तुम्ही मांजरांच्या मनधरण्या सांगता!' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की म्हणणाऱ्याचा चेहरा आता मला आधीच दिसतो. सीमाभागात आणि गोव्यातही आरोग्याची हेळसांड आहे, त्यावर लिहायलाच हवं. पण एक दार बंद करणं, एक चिंधी फिरवणं आणि मूठभर सुकट घालणं यामुळे कुठल्या माणसाच्या तोंडचं औषध पळवलं जातं, ते मला कुणीतरी दाखवून द्यावं. गंमत म्हणजे हे म्हणणारे गृहस्थ मांजर सोडायला स्कूटरचं पेट्रोल जाळून पाच किलोमीटर जातात.

दुसरा आक्षेप थोडा बरा आहे : 'भांडू देत की, निसर्गात कोण दारं लावतं? आपापसात मिटवतील.' निसर्गात हरलेलं मांजर निघून जातं. तुमच्या घराला ग्रील आहे. निघून जायची सोय जिथे नाही, तिथे रोज मार खाणारं मांजर पलंगाखाली राहायला लागतं, खाणं सोडतं, आणि मग आपणच म्हणतो, हिचं मन मेलं. प्रत्येक झटापटीबरोबर पुढची झटापट सोपी होते. मिटत काही नाही.

तिसरं म्हणजे ते लाडकं वाक्य, बाजारात खायला भरपूर मिळतं. म्हापशाच्या किंवा मडगावच्या मासळी बाजारात एकदा तासभर उभं राहून बघा. तिथल्या प्रत्येक फळीखाली आधीच एक मांजर आहे आणि त्या फळीची राखण ते रक्त सांडून करतं. आयुष्यभर ताटलीत खाल्लेलं मांजर तिथे दुपारपर्यंत एखाद्या गटारात किंवा गाडीच्या चाकावर चढून बसतं. भरपूर मासळी असते, पण ती त्याच्यासाठी नसते. आणि चिमीसारखीला तर तिथला एकही वास ओळखीचा नसणार. फक्त वासच बदलला म्हणून जी बहिणीला ओळखू शकली नाही, तिला आपण अशा जागी नेऊन ओततो. कायद्याने हा गुन्हा आहे, हेही सांगून टाकतो. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं बसतं. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड लिहिला आहे दहा ते पन्नास रुपये. निपाणी-बेळगाव बसचं तिकीट त्याहून महाग पडतं. तेव्हा कायद्याच्या धाकाने पोतं सुटेल अशी माझी समजूत नाही.

काही जोड्या शेवटपर्यंत जुळत नाहीत, हेही कबूल करायला हवं. सगळं धीराने करूनही एक मांजर दुसऱ्याला पाहिलं की थरथरत असेल, तर वर-खाली दोन मजले असतील तिथे दोन संसार मांडावेत, किंवा एकाला ओळखीच्या घरी द्यावं, त्याच्या अंथरुणासकट. नसबंदी न केलेले दोन बोके असतील तर आधी ती उरकावी. त्यानंतरही जुना उग्रपणा उतरायला काही आठवडे जातात. एकाएकी खूप बदललेल्या मांजराला पुन्हा दवाखान्यात दाखवावं, कारण आतल्या आत दुखत असलं तरी ते भांडणाच्या रूपानेच बाहेर येतं.

आणि ज्यांच्या घरी अजून असं काही घडलेलं नाही, पण दोन मांजरं आहेत, त्यांनी एवढं करावं. एकीला दवाखान्यात न्यायची वेळ आली की दोघी ज्यावर झोपतात ती गोधडी टोपलीत घालून न्यावी, न धुता. डॉक्टर नाक मुरडतील, मुरडू देत. तिथे राहावं लागलं तर तीच तिच्या अंगाखाली राहू द्या, म्हणावं. घरी आल्यावर टोपली थेट वेगळ्या खोलीत उघडायची, दार लावून. भुलीचा अंमल उतरेपर्यंत आणि तिने स्वतःचं अंग चाटून घेईपर्यंत, निदान एक दिवस-रात्र, बाहेरच्या बहिणीला फक्त दाराखालून नाक लावू द्यायचं.